झाकून ठेवलेलं विमान

मेहताब सिंगचा टांगा कालव्याच्या पुलावर दिसला, तेव्हा अतर कौर, घरातल्या पोरांची भुआ म्हणजे आत्या, आपल्या धाकट्या भावाला तिसऱ्यांदा समजावत होती, की गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

"मुलगा काय करतो असं त्यांनी विचारलं की मी म्हणेन, सरकारी फौजेत अफसर आहे. तू फक्त मान हलव. यात खोटं काय आहे?"

तिचे भाऊ, रिसालदार वरयाम सिंग, खाटेवर ताठ बसले होते. पेन्शन घेऊन इतकी वर्षं झाली, तरी खाटेवरही ते घोड्यावर बसल्यासारखेच बसत. "आणि स्वारी कशाची, असं विचारलं तर?"

"तर सांगायचं, मोठी जोरदार स्वारी आहे. सरकारनं खास विलायतेहून आणवलीय."

चुलीपुढे बसलेली निहाल कौर, घरची थोरली सून, फिसकन हसली. भुआने तिच्याकडे नुसतं पाहिलं. निहालने ओढणी तोंडावर घेतली, पण तिचे खांदे हलायचे थांबले नाहीत.

भुआ खोटं बोलत नसे, असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं. आसपासच्या सगळ्या गावांत तिने सोयरिकी जुळवल्या होत्या आणि प्रत्येक सोयरिकीत खऱ्याचा एखादा कोपरा ती फडक्याखाली ठेवी. विरजण झाकतात तसं. हलवलं नाही तर दही छान लागतं, असं ती म्हणे.

या खेपेला फडक्याखाली एक अख्खं विमान होतं.

उजागर चौदा वर्षांचा असताना बापाची सगळ्यात तापट घोडी उघड्या पाठीने कालव्यापर्यंत पळवून आणायचा. रिसालदारांनी त्याच्यासाठी साहेबांचे उंबरे झिजवले आणि पोराला अफसरीसाठी विलायतेला धाडलं, तेव्हा घरातल्या कुणालाच शंका नव्हती की तो रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, जाणार. पोरगा परत आला तो कोटावर वैमानिकाचे पंख लावून. फौजेतल्या विमानांवर अफसर म्हणून बसलेल्या अगदी पहिल्या हिंदी पोरांत तो होता. गावाने हार घातले. बापाने दाराशी उभं राहून ते पंख पाहिले आणि बायकोला म्हणाले, "त्याला सांग, हातपाय धुऊन घे." त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून लेकाशी जे काही बोलायचं ते ते असंच कुणाकरवी बोलत.

मग गेल्या हिवाळ्यात अमरनाथ गेला. उजागरचा जोडीदार, याच अंगणात पाच-सहा दिवस राहून, बसंत कौरच्या हातचे पिन्नीचे लाडू खाऊन गेलेला. सरहद्दीवर धुक्यात डोंगराला धडकला. त्या दिवसापासून उजागरची आई बसंत कौर आभाळात घार दिसली तरी हातातलं काम टाकून उभी राहत असे.

भुआचा बेत तिथून सुरू झाला. मुलाचं लग्न लावायचं. बायको रडेल, रुसेल, मूल होईल. पोरगा आपोआप जमिनीवर येईल. बसंत कौर भीतीपोटी तिला मिळाली आणि रिसालदार रागापोटी. एकटी निहाल दिराच्या बाजूची होती, पण सुनेला विचारतो कोण? आणि उजागरला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो कराचीला होता. आधी मुलगी ठरू दे, मग त्याला सांगू, असं भुआ म्हणाली होती.

मेहताब सिंग उतरले. रुंद छातीचा, कमी बोलणारा, घोड्यांची पैदास करणारा माणूस. सोबत गावचे दोन म्हातारे होते, जे फक्त जेवायला आले आहेत हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. मोहरीच्या पाल्याचा साग आला, मक्याच्या रोट्या आल्या, लोण्याचा गोळा आला.

"मुलगा काय करतो म्हणालात?" मेहताब सिंगांनी विचारलं.

"सरकारी फौजेत अफसर आहे," भुआ म्हणाली आणि भावाकडे पाहिलं.

रिसालदारांनी भिंतीकडे बघत मान हलवली. मानेला लकवा झालेल्या माणसासारखी.

"रिसाल्यात?"

"तुम्हीच बघा, बापासारखंच घर," भुआ म्हणाली. "अजून थोडा साग घ्या."

याच वेळी दक्षिणेकडून घरघर ऐकू आली. आधी भुआला ती उसाच्या चरकाची वाटली. मग बसंत कौरच्या हातातला पितळी गडवा खाली टेकला, आणि भुआला कळलं. घरघर खोकली. पुन्हा खोकली. आणि बंद पडली.

ती बंद पडली, हेच वाईट होतं. सगळे उठून अंगणाबाहेर आले. शिसवाच्या रांगेवरून दोन मजली पंखांचं एक भलंमोठं विमान आवाज न करता येत होतं, मागे काळा धूर सोडत. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या. घरामागच्या लांब पट्टीत, जिथे घोड्यांचा चारा नुकताच कापला होता, तिथे म्हशी चरत होत्या, आणि गावची पोरं ओरडत नेमकी तिकडेच धावत होती.

"पाडणार तो," एक म्हातारा म्हणाला, हातातली रोटी न सोडता.

विमान आडवं झालं, एका खांद्यावर कललं आणि तसंच कललेलं झपकन खाली आलं. भुआला वाटलं, संपलं. बसंत कौरने डोळे मिटून घेतले होते आणि तिचे ओठ हलत होते. भुआने भावाचा दंड धरला, तेव्हा तिला लक्षात आलं, की तो पुटपुटतोय.

"ओढू नको. सैल सोड. सैल. हां, असं."

शेवटच्या क्षणी विमान सरळ झालं, म्हशींच्या अलीकडे टेकलं, एकदा उसळलं, आणि पाटाच्या बांधापाशी येऊन थांबलं. दोन माणसं हलताना दिसली. दोघंही जिवंत होती.

"हात हलके आहेत," रिसालदार म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

सगळ्यांच्या आधी भुआ भानावर आली. कोण उतरलंय याबद्दल तिला शंका नव्हती; एवढ्या पंजाबात याच पट्टीवर उतरायचं दुसऱ्या कुणाला सुचणार? साठीची, जाडजूड भुआ ओढणी सावरत जी सुटली, ती गावच्या पोरांच्याही आधी तिथे पोचली.

पुढच्या आसनावरून उतरलेल्या माणसाची पगडी, दाढी, तोंड, सगळं तेलाने काळं झालं होतं. मोठा चष्मा वर केल्यावर तेवढी डोळ्यांभोवतीची कातडी गोरी दिसली.

"पैरीपौना, भुआ," तो वाकत म्हणाला.

"वाकू नको. तू उजागर नाहीस."

"मग कोण आहे?"

"कोणीही हो, पण तो होऊ नको. तुझा सासरा अंगणात जेवतोय."

उजागरने मागे वळून जोडीदाराकडे पाहिलं. "फझल दीन, मला सासरा आहे. तुला ठाऊक होतं?"

"नाही, साहेब," मागच्या आसनावरचा हवाई शिपाई म्हणाला. "मुबारक."

"मुलगी कशी आहे, भुआ?"

"पाहिली नाही. बापाचे घोडे चांगले आहेत."

उजागर हसू लागला. एवढ्यातून वाचलेल्या माणसाचं हसू लवकर थांबत नाही. "बरं. मी हजारा सिंग. लुधियान्याचा. चालेल?"

"चालेल. आणि तोंड धुऊ नको."

फझल दीन तेवढ्यात अटेन्शनमध्ये उभा राहिला. "हजारा सिंग साहेब, मी स्टेशनवर तार करायला जातो. घरी कुणाला काही कळवायचं आहे का?"

"जा रे बाबा," भुआ म्हणाली.

'हे लुधियान्याचे हजारा सिंग,' असं भुआने अंगणात शिरताच मोठ्याने सांगितलं. परक्या पाहुण्याला खाट दिली, ती नेमकी मेहताब सिंगांच्या शेजारी. बिचारा संकटातून वाचला, त्याला जवळ बसवा, असं मेहताब सिंगच म्हणाले. निहालने पाणी दिलं आणि तोंड फिरवून आत पळाली. बसंत कौर लस्सीचा गडवा घेऊन उभी होती. पोटच्या पोराला नऊ महिन्यांनी बघत होती आणि नणंदेच्या डोळ्यांच्या धाकाने त्याला हात लावत नव्हती.

"बसा," रिसालदार पाहुण्याला म्हणाले.

भुआने चमकून भावाकडे पाहिलं. दोन वर्षांत बापाने लेकाला उद्देशून उच्चारलेला तो पहिला शब्द होता, आणि त्यासाठी लेकाला परकं व्हावं लागलं होतं.

उजागरही क्षणभर थबकला. मग बसला. अंगणातला कुत्रा येऊन त्याच्या पायाशी लोळू लागला.

"इंजिन कुठे गेलं?" रिसालदारांनी विचारलं.

"कालव्याच्या वर. कराचीहून सरहद्दीकडे निघालो होतो. तेलाची नळी फुटली, सरदारजी."

"रस्ता होता की खाली."

"रस्त्यावर गाड्या होत्या. बैल बुजले असते."

"मग म्हशींच्या डोक्यावरून आडवं कशाला घातलंत?"

"उंची फार होती. वेग न वाढवता खाली यायचं होतं. घोडा अंगावर यायला लागला की त्याला सरळ नाही ओढत, बाजूला घेतात. तसंच."

"हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. घोड्यावर. विमानावर मला फक्त आठवलं."

रिसालदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला.

मेहताब सिंगांना कुतूहल वाटू लागलं होतं. "घरचे काय म्हणतात तुमच्या या धंद्याला?"

"माझी एक आत्या आहे," उजागर अगदी साळसूदपणे म्हणाला. "ती जगाला सांगत फिरते की मी रिसाल्यात आहे."

भुआला ठसका लागला. आतून निहालच्या हातातली परात पडल्याचा आवाज आला.

"का बरं?"

"लाजत असेल. किंवा माझं लग्न जमवत असेल. तिला दुसरं काम नाही."

"आणि वडील?"

"ते म्हणतात, जिला नावाने हाक मारता येत नाही, ती स्वारी कसली?"

"बरोबरच म्हणतात," रिसालदार म्हणाले.

"हो, बरोबरच म्हणतात. पण मी मारतो हाक. तिला कळत नाही, एवढंच."

एक म्हातारा हसला. भुआला हळूहळू वाटू लागलं, की हे निभावेल. पोरगं नाटक छान करतंय, अंधार पडायच्या आत टांगा परत जाईल.

मेहताब सिंगांनी हात पुसले. "या घरचा मुलगाही अफसर आहे म्हणतात. उजागर सिंग. ओळखता?"

"तोंडओळख आहे. माणूस बरा आहे. दिसायला माझ्यापेक्षा उजवा."

"मग एक विचारतो, राग मानू नका. तुमच्यासारख्या उडणाऱ्या माणसाला मी मुलगी द्यावी का?"

भुआने घाईघाईने साग पुढे केला, पण कुणी घेतला नाही. उजागरच्या तोंडावरचं हसू ओसरत गेलं. तेलाखालीही ते दिसलं.

"माझा एक जोडीदार होता," तो म्हणाला. "माझ्याहून चांगला उडायचा. त्याची आई मला विचारत होती की त्याला लागलं का, दुखलं का. मी नाही म्हटलं. मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं. तेव्हा सरदारजी, तुमच्या जागी मी असतो तर दहादा विचार केला असता. मी सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिलाही ते ठाऊक असायला हवं."

असं म्हणून त्याने लस्सीचा गडवा घ्यायला हातमोजा काढला, आणि आतला हात उघडा पडला. उकळत्या तेलाने मनगटापासून बोटांपर्यंत भाजला होता. मोज्याबरोबर थोडी कातडीही आली.

"हात दाखव," बसंत कौर म्हणाली.

"काही नाही, माई. थोडं—"

"माई? परक्या म्हातारीला म्हणतात तसं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. गडवा कुठे ठेवला हेही तिला कळलं नाही. ती सरळ त्याच्यापुढे जमिनीवर बसली आणि त्याचं मनगट तिने मांडीवर घेतलं. "निहाल, थंड पाणी आण. भरपूर आण. उजागर, मूठ उघड. उघड म्हणते ना. आईपासून हात लपवतोस?"

अंगणात ते नाव पडलं आणि पडूनच राहिलं. म्हाताऱ्यांनी प्रथमच जेवण थांबवलं.

भुआने तोंड उघडलं. 

"राहू द्या, बीबीजी," मेहताब सिंग तिला म्हणाले. "तुमचा कुत्रा मघापासून या लुधियान्याच्या पाहुण्याच्या पायाशी लोळतोय. मी म्हटलं बघू, माणसं कधी ओळख देतात."

ते उठले. त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "माझ्या थोरलीच्या वेळीही असंच झालं. मुलाला जरासा जुना खोकला आहे, म्हणाले. आम्ही मान हलवली. वर्ष-दीड वर्षात पोर पांढरी ओढणी घेऊन घरी आली. मुलगा विमानात बसतो म्हणून मी उठत नाही. या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानेही सांगितलं नाही, म्हणून उठतोय."

"चूक माझ्या घराची आहे," रिसालदार म्हणाले.

तेही उभे राहिले होते. भुआने त्यांच्याकडे आशेने पाहिलं. हा गडी तरी आपल्या बाजूचा, असं तिला वाटलं.

"अजून एक झाकलेलं आहे, तेही सांगतो," ते पुढे म्हणाले. "लग्न झालं की बायकोच्या आसवांनी याला खाली उतरवायचं, असं आमचं ठरलं होतं. मी त्यात होतो. आता नाही. आज मी त्याला उतरताना पाहिलं. वीस-पंचवीस वर्षं मी स्वार शिकवले, असे हात मला दोनदा-तीनदाच मिळाले." मग ते बायकोकडे न बघता, कुणालाही मध्ये न घालता, लेकाला म्हणाले, "शेवटी एकदा उसळलं ते मात्र कच्चं होतं."

"वाऱ्याची झुळूक आली, बापूजी."

"वाऱ्याला दोष देऊ नको."

"नाही देत," उजागर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. हात भाजल्यामुळे असेल, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

भुआने भावजयीकडे पाहिलं. बसंत कौर हातावर पाणी ओतत होती. तिची भीती गेली नव्हती, ती कधी जाणारही नव्हती. पण ती लेकाकडे अशी बघत होती, की नणंदेच्या कुठल्याही बेतात आता तिला धरता येणार नाही, हे भुआने ओळखलं. उरली निहाल, आणि निहाल दारात उभी राहून उघड उघड हसत होती.

मेहताब सिंगांनी टांग्यावर पाय ठेवला आणि काढला. "मुलीला विचारल्याशिवाय मी आता ना हो म्हणणार, ना नाही," ते म्हणाले. "थोरलीला विचारलं नव्हतं. पण तिला हे सगळं मी सांगणार नाही. ज्या तोंडाने झाकलं, त्याच तोंडाने उघडावं. बीबीजी, बसा टांग्यात."

"आत्ता?"

"उशीर केला की गोष्ट तोंडातच थंड होते."

निहाल साक्षीला म्हणून सोबत गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला आता कोण अडवणार होतं?

इकबाल कौर तबेल्यात एका शिंगरीची आयाळ विंचरत होती. उंच, सावळी, बापासारखीच कमी बोलणारी. थोरली बहीण पांढऱ्या ओढणीत बाजूच्या खाटेवर बसून सूत कातत होती. मेहताब सिंग त्या दोघींपाशी भुआला सोडून निघून गेले.

भुआने सांगायला सुरुवात केली. खरं बोलणं तिला अवघड नव्हतं, सवय नव्हती इतकंच. दोनदा ती घसरली. एकदा "हात जरासा पोळला" म्हणाली आणि एकदा अमरनाथला नुसतं "आजारी पडून गेला" केलं. दोन्ही वेळा निहाल खाकरली. भुआने मागे जाऊन दुरुस्त केलं. डोंगर सांगितला, धुकं सांगितलं, अमरनाथची आई सांगितली. आसवांचा बेतही सांगितला. बोलता बोलता तिला दम लागला, चारा-पट्टीतून धावताना लागला नव्हता इतका.

इकबालने सगळं ऐकलं. विंचरणं थांबवलं नाही.

"माझे वडील तिथे बसलेत हे त्यांना उतरताना माहीत होतं?"

"नाही ग."

"आणि तुम्ही सांगताच त्यांनी लगेच दुसरं नाव सांगितलं?"

"लगेच. हजारा सिंग, लुधियान्याचा."

शिंगरीच्या मानेआड इकबाल हसली असावी. फणी क्षणभर थांबली होती.

"पण मुलगी द्यावी का, असं बापूंनी विचारल्यावर खोटं नाही बोलले."

"नाही. तेवढं नाही बोलला."

चरखा थांबला. थोरली बहीण इतका वेळ तोंडातून शब्द न काढता बसली होती. "माझ्या घरधन्यांना सगळे जपा म्हणायचे," ती म्हणाली. "वारा नको, ऊन नको, पायरी चढू नका. ते खाटेवरून खालीसुद्धा उतरत नसत. खाटेवरच गेले." आणि तिने पुन्हा सूत धरलं.

 भुआला काहीतरी बोलावंसं वाटलं, काहीतरी गोड. तिने ते गिळलं.

"बापूंना मी हो सांगते," इकबाल म्हणाली. "त्यांनी उडणं सोडायचं नाही, मी रडून सोडवणार नाही. पण कुठे जाणार, काय मोडलं, किती लागलं, कोण गेलं, ते सगळं मला कळलं पाहिजे. आहे तसं."

"कळेल, पुत्तर," भुआ गहिवरून म्हणाली. "मी स्वतः येऊन सांगत जाईन."

"नाही भुआजी. तुम्ही नाही. त्यांनी सांगायचं."

परतीच्या वाटेवर टांगेवाला गात होता आणि दोन्ही बाजूंच्या मोहरीच्या शेतांवर तिरकं ऊन पडलं होतं. निहाल भुआच्या शेजारी अंग चोरून बसली होती, हसू फुटू नये म्हणून.

"भुआजी, घरी काय सांगणार?"

"जे झालं ते."

"सगळं?"

भुआने ओढणी नीट केली, रस्त्याकडे पाहिलं, मनाशी बराच हिशेब केला.

"शेवटचं वाक्य सोडून."

"ते मी सांगेन," निहाल म्हणाली.